‘जगातील सर्वांत स्वस्त’ : पण कोणासाठी? रक्ताच्या कर्करोगावरील पेशी-उपचार, परळ ते चाकूर

१/ आजचा धागा लढायांचा नाही, किल्ल्यांचाही नाही. तो रक्ताच्या कर्करोगावरील एका उपचाराच्या इतिहासाचा आहे आणि एका विशेषणाविरुद्ध आहे : ‘जगातील सर्वांत स्वस्त’. ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात घडवलेल्या पहिल्या कार-टी पेशी-उपचाराला, म्हणजे नेक्सकार-१९ ला, केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. तेव्हापासून हे विशेषण मिरवले जात आहे. अभिमान रास्तच आहे. विशेषण मात्र अर्धसत्य आहे, आणि अर्धसत्य तपासणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे पहिले कर्तव्य आहे.

२/ जुन्या वादपद्धतीप्रमाणे आधी पूर्वपक्ष मांडू. तिघे तीन गोष्टी सांगतात. पहिला म्हणतो, ‘ही विद्या आपल्या पूर्वजांकडे होतीच.’ दुसरा म्हणतो, ‘सारे शोध परदेशी, आपण केवळ नक्कल केली.’ तिसरा म्हणतो, ‘परदेशात तीन-चार कोटींना मिळणारा उपचार आपण तीस-चाळीस लाखांत आणला, प्रश्न मिटला.’ पहिल्या दोघांचा समाचार थोडक्यात घेता येतो. तिसरा सर्वांत सुसंस्कृत बोलतो, म्हणून त्याच्याकडे अधिक लक्ष द्यावे लागेल.

३/ उत्तरपक्ष मांडताना आपण मुंबईत उभे राहणार नाही. लातूर-नांदेड रस्त्यावरचे चाकूर हे आपले ठिकाण. तालुक्याचे गाव, दोन्ही शहरांच्या मधले. तिथल्या एखाद्या घरात केमोथेरपी पूर्ण झाल्यावर काही महिन्यांनी आजार पुन्हा डोके वर काढतो, तेव्हा ‘स्वस्त’ या शब्दाचा अर्थ काय उरतो, हे पाहायचे आहे.

४/ आधी उपचार समजून घेऊ. आपल्या रक्तातील बी-पेशींचे काम प्रतिपिंडे तयार करणे. तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या बहुतेक रुग्णांत याच कुळातील अपक्व पेशी बेबंद वाढतात. त्यांच्या पृष्ठभागावर सीडी-१९ नावाचे प्रथिन असते. टी-पेशी या शरीराच्या लढाऊ पेशी. पण कर्करोग घरातूनच उपजलेला असल्यामुळे त्या त्याला पुष्कळदा शत्रू म्हणून ओळखत नाहीत. प्रश्न शौर्याचा नाही, ओळख पटण्याचा आहे.

५/ महाराष्ट्रातील अनेक किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ कोरलेला तुम्ही पाहिला असेल : अनेक प्राण्यांचे अवयव एकत्र आणून कल्पिलेला पशू. ‘कायमेरिक अँटिजेन रिसेप्टर’, म्हणजेच ‘कार’, हा रेणूंच्या जगातला शरभ होय. त्याचा बाहेरचा भाग प्रतिपिंडाचा. तो सीडी-१९ ओळखतो. आतला भाग टी-पेशीचा. तो हल्ल्याचा आदेश देतो. नावातला कायमेरा हाही ग्रीक पुराणकथांतला असाच मिश्र प्राणी.

६/ कृती अशी. रुग्णाचे रक्त यंत्रातून फिरवून त्यातील पांढऱ्या पेशी वेगळ्या काढतात. त्यांतील टी-पेशींत, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने, हा नवा ग्राहक घडवणारे जनुक बसवतात. पेशी प्रयोगशाळेत वाढवतात. मग रुग्णाला काही दिवस केमोथेरपी देऊन शरीरात त्यांच्यासाठी जागा केली जाते आणि त्या शिरेतून परत सोडल्या जातात. सामान्यतः एकदाच. या औषधाचा कच्चा माल रुग्णाच्या स्वतःच्या शरीरातून येतो. हे वाक्य ध्यानात ठेवा. पुढे त्यावरच सारा वाद उभा राहणार आहे.

७/ आता पहिल्या पक्षाचा समाचार. डीएनएची रचना उलगडली १९५३ मध्ये. टी-पेशी हा वेगळा वर्ग ओळखला गेला १९६० च्या दशकात. ज्या विद्येची मुळाक्षरेच विसाव्या शतकात गिरवली गेली, ती प्राचीन ग्रंथांत शोधणे हा पूर्वजांचा गौरव नव्हे. त्यांनी खरोखर केलेल्या कामाबद्दलची ती बेफिकिरी आहे.

८/ दुसरा पक्ष : नक्कल. यातले खरे ते आधी मान्य करू. प्रतिपिंडाचा तुकडा टी-पेशीला जोडण्याची कल्पना इस्राएलच्या वाइझमन संस्थेतील झेलिग एशहार यांनी १९८९ च्या सुमारास मांडली. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात कार्ल जून यांच्या गटाने विकसित केलेला उपचार एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीला दिला गेला आणि तिचा ल्युकेमिया ओसरला. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेने पहिल्या कार-टी औषधाला मान्यता दिली. किंमत : ४,७५,००० डॉलर. ज्ञानाचे ऋण मान्य करण्यात कमीपणा नसतो.

९/ परंतु दुसऱ्याचे बी आणले तरी जमीन आपलीच लागते. ती जमीन कशी तयार झाली हे पाहण्यासाठी १९३१ मध्ये जाऊ. त्या वर्षी सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहरबाई यांचे वेल्समधील एका शुश्रूषागृहात निधन झाले. आजार : ल्युकेमिया. देशातल्या अत्यंत धनाढ्य घरांपैकी ते एक. युरोपातील वैद्यकाची दारे त्यांना उघडी होती. पण त्या दारांच्या आत या रोगावर औषधच नव्हते. पैसा होता, उपाय नव्हता.

१०/ दोराबजींनी १९३२ मध्ये पत्नीच्या स्मरणार्थ ल्युकेमियाच्या संशोधनासाठी न्यास स्थापला आणि त्याच वर्षी तेही वारले. मेहरबाईंचा प्रसिद्ध ‘ज्युबिली’ हिरा, जो १९२४ मध्ये टाटांचा पोलाद कारखाना वाचवण्यासाठी बँकेत तारण ठेवावा लागला होता, तो पुढे विकला गेला आणि त्याचे पैसे दोराबजींच्या विश्वस्त निधीत गेले. त्याच निधीतून परळला २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. कर्करोगावरील भारताच्या प्रमुख संस्थेच्या मुळाशी ल्युकेमियाचा एक मृत्यू आहे.

११/ आता १९४८. जूनमध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या १६ मुलांवरील प्रयोगाचा निबंध प्रसिद्ध केला. त्यांतील १० जणांत काही काळ सुधारणा दिसली होती. अॅमिनोप्टेरिन हे ते औषध ज्या गटाने तयार केले, त्याचे प्रमुख होते आंध्रातून अमेरिकेत गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव. ऑगस्टमध्ये सुब्बाराव वारले. सप्टेंबरच्या १७ तारखेला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. केमोथेरपीचे पहिले यश आणि आपली मुक्ती, दोन्ही एकाच वर्षातल्या. त्या दोन घटनांमधले अंतर मात्र अजून पुरते मिटलेले नाही.

१२/ १९५२ मध्ये परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले. प्रमुख : वसंत रामजी खानोलकर, ज्यांना भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हटले जाते. त्यांच्याबरोबर होत्या पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे. बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या, म्हणजे सुप्रसिद्ध हीला पेशी जिथे वाढवल्या गेल्या त्याच, प्रयोगशाळेत त्यांनी काम केले होते. परत आल्यावर त्यांनी येथे ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली, देशातील अशी पहिली. शरीराबाहेर पेशी जिवंत ठेवणे आणि वाढवणे : आजच्या उपचाराचा हाच पाया नव्हे काय?

१३/ रुग्णालय १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आले आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. १९६६ मध्ये रुग्णालय आणि संशोधन केंद्र मिळून टाटा मेमोरियल सेंटर झाले. खाजगी दानातून जन्मलेली संस्था त्यानंतर सार्वजनिक पैशावर वाढली. हा तपशील रूक्ष वाटेल. पण वारसाहक्काच्या दाव्यात असेच रूक्ष कागद निर्णायक ठरतात.

१४/ १९८३ मध्ये सुरेश अडवाणी यांच्या नेतृत्वाखाली येथे देशातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा-प्रत्यारोपण झाले. दात्याच्या मज्जेबरोबर आलेल्या प्रतिकार-पेशी उरलेल्या ल्युकेमियावर तुटून पडतात, हे प्रत्यारोपणाच्या अनुभवातून जगभर ध्यानात आले. पेशी हेच औषध होऊ शकते, ही दृष्टी त्यातून बळावली. १९८० च्या दशकातच टाटा रुग्णालयाने अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने भारतीय मुलांना झेपेल असा केमोथेरपीचा आराखडा वापरात आणला. ‘एमसीपी-८४१’ हे त्याचे नाव.

१५/ या जमिनीत २०२१ चे बी पडले. ४ जून रोजी खारघरच्या अॅक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियल सेंटरच्याच केंद्रात, भारतातील पहिला कार-टी उपचार दिला गेला. पेशी घडवल्या होत्या मुंबई आयआयटीत, राहुल पुरवार यांच्या गटाने. चाचणीसाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या योजनेतून १९.१५ कोटी रुपये मंजूर झाले होते. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते उपचाराचे लोकार्पण झाले. ‘लोकार्पण’ हा शब्द सरकारी निमंत्रणपत्रिकांत नेहमीचाच. येथे तो शब्दशः घेण्याचा आग्रह मी धरतो.

१६/ नक्कल म्हणणाऱ्यांनी हेही पाहावे : सीडी-१९ ओळखणारा तुकडा अनेक परदेशी औषधांत उंदराच्या प्रतिपिंडाचा असतो, येथे तो मानवी साच्याशी जुळवून घेतला गेला. २०२५ मध्ये ‘द लॅन्सेट हेमॅटॉलॉजी’त आलेल्या निष्कर्षांनुसार चाचणीत ६४ रुग्ण होते, परिणाम तपासता आलेल्या ५१ पैकी सुमारे ७३ टक्क्यांत प्रतिसाद दिसला. प्रतिसाद म्हणजे कायमची मुक्ती नव्हे. काहींचा आजार पुन्हा उलटतो. तरीही इतर सारे उपाय थकलेल्या रुग्णांतला हा आकडा आहे, हे विसरू नये.

१७/ दुसरा पक्ष येथे संपला. आता तिसरा, ‘स्वस्त’वाला. स्वस्त हा शब्द एकटा कधीच उभा राहत नाही. ‘कशाच्या तुलनेत’ हे विचारावेच लागते. फिलाडेल्फियाच्या किमतीशी तुलना केली तर तीस लाखांहून अधिकचा हा उपचार स्वस्त खरा. पण चाकूरच्या सोयाबीन उत्पादकाला फिलाडेल्फियाचे देयक कधी येणारच नव्हते. त्याने तुलना करायची ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी. तिचे कुटुंबाला वर्षाचे सर्वसाधारण कवच पाच लाखांचे. तीस वजा पाच : उरलेल्या पंचवीस लाखांत शेत, घर आणि पुढच्या पिढीचे शिक्षण सारे बुडते.

१८/ १९३१ मध्ये पैसा होता, उपाय नव्हता. आज उपाय आहे, आणि तो आपल्याच खजिन्यातून उभा राहिला आहे. ज्यांच्या करांतून तो खजिना भरला त्यांच्याकडे पैसा नाही. नव्वद वर्षांच्या या प्रवासाला यशोगाथा म्हणताना शेवटचे प्रकरण वगळता येणार नाही.

१९/ आणि केवळ किंमतच अडवते असे नाही. अंतरही अडवते. चाकूरहून नवी मुंबई सुमारे पाचशे किलोमीटर. या अंतरालाही इतिहास आहे. चाकूर तालुक्यातले लातूर रोड स्थानक निजामाच्या रेल्वेवरचे. तिची दिशा हैदराबादकडे. दुसरीकडे बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९११ मध्ये लातूरला पोचली, पण मुंबईला जायचे तर कुर्डुवाडीला गाडी बदलावी लागे. रुळांचे रुंदीकरण होऊन ही अडचण सुटायला या शतकाचे पहिले दशक उजाडावे लागले.

२०/ आता सहाव्या टिपणीतले वाक्य आठवा : कच्चा माल रुग्णाच्या शरीरातून येतो. केमोथेरपी कर्करोगाच्या पेशी मारते, तशीच टी-पेशींनाही झोडपते. फेऱ्या जितक्या वाढतात तितक्या उरलेल्या टी-पेशी थकलेल्या असतात आणि त्यांपासून चांगले औषध घडणे अवघड होते. मुंबईजवळचा रुग्ण आजार उलटताच तज्ज्ञाकडे पोचतो. चाकूरचा रुग्ण तपासणीसाठी एका शहरात, अहवालासाठी दुसऱ्या शहरात, पैशांसाठी नातेवाइकांत फिरतो. मध्येच ‘तोवर आणखी एक फेरी’ घेतो. त्याचा विलंब त्याच्या रक्तात उतरतो. इतर औषधे उशिरा मिळतात. हे औषध उशीर झाल्यास घडतच नाही, किंवा दुबळे घडते.

२१/ पेशी परत शरीरात गेल्यावरही वाट संपत नाही. प्रतिकारशक्ती एकदम उसळून तीव्र ताप येऊ शकतो, रक्तदाब कोसळू शकतो, मेंदूवर परिणाम होऊ शकतो; म्हणून काही आठवडे रुग्णालयाच्या जवळ राहावे लागते. निरोगी बी-पेशीही नष्ट होत असल्याने पुढे अनेक महिने जंतुसंसर्गाचा धोका राहतो. बरोबर आलेल्या आप्ताचा रोजगार बुडतो, भाड्याची खोली लागते. उपचाराच्या ‘स्वस्त’ किमतीत यातले काहीही मोजलेले नसते.

२२/ मराठवाड्याला एक शब्द चांगला परिचित आहे : अनुशेष. १९५३ च्या नागपूर कराराने न्याय्य वाट्याचे वचन दिले. १९८४ मध्ये वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीने रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य यांचा अनुशेष मोजून दाखवला. माझे म्हणणे असे, की त्या हिशेबात दिवसही मांडले पाहिजेत. रोग उलटल्यापासून योग्य केंद्रात पोचेपर्यंत मुंबईच्या आणि चाकूरच्या रुग्णाला लागणाऱ्या दिवसांतला फरक, हाही अनुशेषच आहे.

२३/ आक्षेप येतील. पहिला : ‘सरकार सगळ्यांना तीस लाख कसे देणार?’ सगळ्यांना द्यायचेच नाहीत. ल्युकेमियाची पुष्कळ मुले केमोथेरपीनेच बरी होतात. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियासाठी गोळ्या आहेत. मायलॉइड प्रकारांना हा उपचार लागूच नाही. नेक्सकार-१९ ची मान्यता बी-पेशींच्या कर्करोगाला, तोही उलटलेला किंवा इतर उपचारांना न जुमानणारा असेल तर, आणि वयाच्या पंधरा वर्षांपुढे. पात्र रुग्ण मोजकेच असतात. मोजक्यांना वाचवणे परवडत नाही असे म्हणणाऱ्याने निदान मोजणी तरी करून यावे.

२४/ दुसरा आक्षेप : ‘कंपनीने जोखीम पत्करली, तिने नफा का मिळवू नये?’ अवश्य मिळवावा. उद्योगाशिवाय प्रयोगशाळेतला शोध रुग्णापर्यंत पोचत नाही. पण जोखमीचा आरंभीचा मोठा वाटा आयआयटी, टाटा सेंटर आणि केंद्राच्या निधीने, म्हणजे जनतेने, उचलला आहे. भागीदाराला नफ्यात वाटा मागता येतो, तसा जनतेला किमतीत मागता आला पाहिजे. परळच्याच हाफकिन संस्थेत सरकारने प्लेगची लस तयार करून पुरवल्याचा इतिहास आहे. सार्वजनिक उत्पादन ही कल्पना आपल्याला परकी नाही.

२५/ एक सावधगिरीही. केमोथेरपीतून उठणारा रुग्ण आशेला भुकेला असतो, आणि अशा भुकेवर व्यापार चालतो. ‘रोगप्रतिकारक पेशी वाढवून देतो’, ‘मूलपेशींचे इंजेक्शन देतो’ अशा जाहिरातींचा कार-टीशी काहीही संबंध नाही. कोणत्या आजारासाठी औषध नियंत्रकांची मान्यता आहे, हा एकच प्रश्न लेखी विचारावा. खरा डॉक्टर त्याने रागावत नाही.

२६/ मग मागायचे काय? एक, सरकारी निधीवर सिद्ध झालेल्या पेशी-उपचारांसाठी फुले योजनेत पाच लाखांपलीकडची स्वतंत्र तरतूद. दोन, लातूर आणि नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतून रोग उलटलेल्या रुग्णाला ठरलेल्या दिवसांच्या आत तज्ज्ञ केंद्राकडे पाठवण्याचे बंधन. तीन, पेशी काढून घेण्याची सोय मराठवाड्यातच. थंड पेटीतून पेशींनी प्रवास करावा, थकलेल्या माणसाने नव्हे. चार, नॅशनल कॅन्सर ग्रिडने रुग्णालयांच्या वतीने एकत्रित औषधखरेदी करून किमती उतरवल्या आहेत. तोच मार्ग येथेही. पाच, रुग्णासोबतच्या एका व्यक्तीच्या निवासाचा खर्च उपचाराचाच भाग मानणे.

२७/ यातले अशक्य काय आहे? एप्रिल २०१६ मध्ये लातूर तहानले तेव्हा मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटर अंतरावरून रेल्वेने पाणी आणले गेले. पहिल्या खेपेला सुमारे पाच लाख लिटर. कोणी म्हटले नाही की मिरजेचे पाणी जगात सर्वांत स्वस्त आहे, लातूरकरांनी येऊन प्यावे. पाणी लोकांपर्यंत न्यायचे असते, हे तेव्हा सर्वांना कळले होते.

२८/ धागा लांबला, पण इतिहासाची आवड असणाऱ्यांना एक काम सांगून थांबतो. आपापल्या तालुक्यात रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण उपचारासाठी कोठे जातात, किती दिवसांनी पोचतात, किती खर्च करतात, याची सरकारी माहिती माहितीच्या अधिकारात मागवा. मिळेल ती नोंद जपून ठेवा. शिलालेख वाचायला आपण शिकलो, मोडी शिकलो; आता आरोग्य खात्याचे तक्तेही वाचायला शिकू. सतरा सप्टेंबरला झेंडावंदनानंतर मराठवाड्याच्या अनुशेषावर भाषणे होतील, तेव्हा हे आकडे कोणाच्या तरी हातात असले पाहिजेत.